अनुभव धागा : गेल्यानंतर हाती राहिलेले

चरई, ठाणे

यजमान गेल्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ मी त्यांच्या कपाटाला हात लावला नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते नऊ दिवसांत गेले. जवाहरबाग स्मशानभूमीत आम्ही चौघेच होतो, दहाव्या-तेराव्याला कुणाला घरी येता आले नाही, आणि जे रडणे चारचौघांत व्हायचे ते फोनवर, तेही तुटक तुटक झाले. गेल्या महिन्यात अखेर कपाट रिकामे करायला घेतले, तेव्हा सदऱ्यांच्या घडीमागे अकरा किल्ल्यांचा एक जुडगा सापडला.

कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे शोधण्यात माझे तीन दिवस गेले. सात किल्ल्या घरातल्याच निघाल्या. आठवी कुठेच लागेना, म्हणून तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या शेजाऱ्यांना सहज दाखवली, तर ते म्हणाले, "ही माझ्याच दाराची. तुमचे हे रोज रात्री साडेनऊला दार वाजवायचे. मी ओ दिली की पुढे जायचे. ओ दिली नाही तर उघडून आत यायचे, असं आमचं ठरलं होतं." एकोणतीस वर्षांच्या संसारात मी समजत होते, की जेवणानंतर हे शतपावलीला जातात. चार वर्षे त्या गृहस्थांच्या दारावर कुणी टकटक केली नव्हती आणि त्यांनीही ते कुणाला सांगितले नव्हते. त्या रात्रीपासून साडेनऊला मी जाते. ते ओ देतात, मी परत येते. बहुतेक दिवशी एवढेच होते.

उरलेल्या तीन किल्ल्यांपैकी दोन लहान आहेत, त्या बॅगांच्या असाव्यात. तिसरी मात्र किल्लीसारखी दिसतच नाही: जाड लोखंडी दांडी, तिला दात नाहीत, टोकाला फक्त एक त्रिकोणी खाच.

हा धागा काढण्याचे निमित्त हे एवढेच. आपल्यापैकी अनेकांनी काही ना काही गमावले आहे. माणूस, नोकरी, घर, गाव, शरीराचा एखादा अवयव किंवा एखादी क्षमता. त्यानंतर तुमच्या हाती नेमके काय राहिले, आणि त्याचे तुम्ही काय करता, हे लिहावे अशी विनंती आहे. दुःखाच्या पोटात अर्थ आधीच दडवून ठेवलेला असतो, असे मला वाटत नाही. निदान मला तो तिथे सापडला नाही; सापडला तो साडेनऊच्या टकटकीत. म्हणून "जे होते ते चांगल्यासाठीच होते" हे वाक्य कृपया येथे कुणी कुणाला ऐकवू नये. ते मी तेराव्यापर्यंत फोनवर पुष्कळ ऐकले आहे.

कोपरखैरणे

ताई, माझे नुकसान तुमच्याएवढे नाही, तरी लिहितो. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात सतरा वर्षे टर्नर होतो. २००६ मध्ये तो बंद झाला. स्वेच्छानिवृत्ती असे त्याला म्हणत असले तरी त्यात आमची स्वेच्छा फारशी नव्हती. माझे वय तेव्हा एक्केचाळीस होते. पहिले सहा महिने मी सकाळी सहाला उठून, दाढी करून, डबा घेऊन बाहेर पडत असे आणि वाशीच्या खाडीपुलाजवळ बसून दुपारी परत येत असे. घरच्यांना ते ठाऊक होते, पण बायकोने डबा भरणे कधी थांबवले नाही.

पगाराची तारीख सात होती. बंद झाल्यानंतरच्या पहिल्याच सात तारखेला आमच्या खात्यातील एकाने सगळ्यांना वागळे इस्टेटमधील एका चहाच्या टपरीवर बोलावले. काम काहीच नव्हते. सात तारखेला एकमेकांची तोंडे पाहायची सवय होती, तेवढेच. ती बैठक आजही चालू आहे. तेव्हा आम्ही तेवीस जण होतो, आता बारा आहोत. एखाद्याच्या मुलाची फी, एखाद्याची अँजिओप्लास्टी, एखाद्याच्या मुलीचे लग्न, हे सर्व त्या बाकावर मार्गी लागले आहे. मी स्वतः पुढे एका लहान वर्कशॉपमध्ये लागलो आणि आता घरीच किल्ल्या, कुलपे, कुकर, मिक्सरचे कपलर असली कामे करतो. हाताला अर्ध्या सुताचा फरक अजून कळतो. कारखाना गेला, पण ते बोटांतून काही गेले नाही.

त्या त्रिकोणी खाचेच्या किल्लीचा एक फोटो मिळाल्यास बरे होईल. मला थोडी शंका आहे, पण पाहिल्याशिवाय बोलत नाही.

ऐरोली

माझे वडील मुंबईच्या एका कापड गिरणीत बदली कामगार होते. ज्यांना ही पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कायम कामगाराने खाडा केला, तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरता बदलीवाला उभा राही. रोज सकाळी गिरणीच्या दारात जायचे, आपला नंबर लागला तर काम, नाहीतर परत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि तेही संपले. पुढे आम्ही ऐरोलीला आलो आणि त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी केली.

तीन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका रात्री दोनच्या सुमारास, झोपेतच ते गेले. नेत्रदान आणि त्वचादान करण्याची त्यांची इच्छा होती आणि त्यांनी ती कागदावर लिहून देवघरातल्या डबीत ठेवली होती. ती डबी आईने काढेपर्यंत साडेतीन वाजले होते. दोन्ही दाने मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावी लागतात, हे मला त्या कागदामुळेच कळले. मृत्यूचा दाखला देण्यासाठी जवळच्या एका डॉक्टरांनी रात्री यायला नकार दिला, दुसरे आले. तोवर फोनवर मिळालेल्या सूचनांप्रमाणे आम्ही पंखा बंद केला, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि डोके उशीवर थोडे उंच केले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालते; कारण वापरायचे असते ते डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पटल. ऐरोलीतच नॅशनल बर्न्स सेंटर आहे आणि तेथे त्वचापेढी आहे. तेथील माणसे घरी आली. मांड्या, पाय आणि पाठ येथील त्वचेचा केवळ वरचा पातळ थर त्यांनी घेतला आणि पट्ट्या बांधून, कपडे नीट घालून देह आमच्या स्वाधीन केला. पाऊण तास लागला असेल. काकांचा विरोध होता, पुढच्या जन्मी डोळे नसतील असे ते म्हणत होते. नंतर देह पाहून मात्र ते गप्प झाले, कारण पाहण्यासारखे विद्रूप असे काही नव्हतेच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो. ही त्वचा भाजलेल्या माणसाच्या अंगावर कायमची राहत नाही, हे मला नंतर समजले, आणि खरे सांगायचे तर मी खट्टू झालो. बाबांचे काहीतरी कुणाच्या तरी अंगावर आयुष्यभर राहील, अशी माझी भाबडी समजूत होती. ती त्वचा काही आठवडे जखम झाकते, शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही, जंतूंना आत येऊ देत नाही, वेदना कमी करते, आणि तेवढ्या अवधीत रुग्णाची स्वतःची त्वचा भरून येण्यास किंवा त्याच्याच अंगावरची दुसरीकडची त्वचा लावता येण्यास सवड मिळते. मग ती गळून पडते. हे सारे मी आईला समजावून सांगत होतो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे बदलीच की."

ती त्वचा कुणाला लागली हे आम्हाला कळवले जात नाही आणि ते योग्यच आहे. आई मात्र अधूनमधून विचारते, की एका माणसाला पुरली असेल का दोघांना, कारण यांची पाठ चांगली रुंद होती.

घोडबंदर रस्ता, ठाणे

माझ्याकडे लिहिण्यासारखे अजून काही नाही. वडील जाऊन पाच आठवडे झाले आहेत. त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या मित्रांचे सुप्रभातचे संदेश अजून येतात आणि मी ते उघडत नाही. आपले सर्वांचे वाचत आहे.

कळवा

या धाग्याच्या विषयाशी माझे मतभेद आहेत आणि ते नोंदवण्याची परवानगी असावी.

माझा मुलगा चोवीस वर्षांचा होता. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारातून पडून तो गेला. त्यानंतर जे भेटायला आले त्यांतील निम्म्या लोकांनी मला गीता सांगितली, आणि एका सद्गृहस्थांनी तुकोबांचे उदाहरण दिले, की दुष्काळात त्यांचीही बायको आणि मूल गेले होते आणि त्यातूनच ते संत झाले. मला संत व्हायचे नव्हते. मला तो संध्याकाळी घरी यायला हवा होता. त्याच्या जाण्यात मला कोणताही अर्थ दिसलेला नाही, मी तो शोधत नाही, आणि कुणी शोधून दिला तर मी तो घेणारही नाही.

तरीही, आपण हाती काय राहिले असे विचारले आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. त्याने घेतलेल्या मोटारसायकलच्या कर्जाचे एकोणीस हप्ते राहिले होते. गाडी विकून कर्ज एकरकमी फेडावे, असे सगळ्यांनी सुचवले. मी ते केले नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता वळता झाल्याचा संदेश येई आणि त्यात त्याचे नाव असे. एकोणीस महिने मी त्या संदेशाची वाट पाहिली. विसाव्या महिन्यात तो आला नाही, तेव्हा मी बँकेत जाऊन काउंटरवरच्या मुलीला विचारले, की आणखी काही बाकी आहे का. "काही नाही काका, सगळं क्लिअर झालंय," असे ती हसून म्हणाली. तिचा काही दोष नाही.

गाडी खाली उभी आहे. दर रविवारी मी ती पुसतो आणि पाच मिनिटे सुरू ठेवतो. मला गाडी चालवता येत नाही.

चरई, ठाणे

कळव्याचे काका, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. माझ्या शब्दरचनेत अर्थ सापडलाच पाहिजे असा आग्रह दिसला असेल तर ती चूक माझी आहे.

पाचपाखाडी, ठाणे

एकतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. आवाज हीच माझी मिळकत होती. खडू आणि फळा मी फारसा वापरत नसे. त्याच आवाजाच्या जागी कर्करोग झाला. बावीस वर्षे सिगारेट ओढली होती, त्यामुळे तक्रार करण्याचा अधिकार मला नव्हता. २०१८ मध्ये स्वरयंत्र पूर्णपणे काढून टाकण्यात आले.

या शस्त्रक्रियेनंतर काय होते, हे बहुतेकांना माहीत नसते. मलाही नव्हते. श्वासनलिकेचे टोक गळ्यावर उघडतात आणि तेथून पुढे आयुष्यभर माणूस गळ्यावरच्या त्या छिद्रातून श्वास घेतो. नाक आणि तोंड यांचा फुप्फुसांशी संबंध तुटतो. आवाज जाणार हे मला सांगितलेले होते, त्याची मी तयारी केलेली होती. त्याच्यासोबत आणखी काय काय जाणार हे मात्र एकेक करून घरी कळत गेले. गरम चहावर फुंकर घालता येत नाही, कारण फुंकर घालायला तोंडात हवाच येत नाही. नाक शिंकरता येत नाही. पोहता येत नाही; तलावपाळीच्या काठावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला पाण्यापासून जपून राहावे लागते. आणि वास येत नाही. नाक शाबूत असते, पण हवा आत ओढली जात नसल्यामुळे वास आतपर्यंत पोचतच नाही. फोडणी, मोगरा, पहिला पाऊस, नवे पुस्तक, काही म्हणजे काही नाही. आवाज गेल्याचे दुःख मला चारचौघांत मिरवता तरी येत होते. वास गेल्याचे कुणाला सांगितले तर "एवढंच ना" असे होत असे.

बोलण्याची सोय पुढे झाली. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सिलिकॉनची एक छोटी झडप बसवतात. गळ्यावरच्या छिद्रावर अंगठा दाबला की हवा अन्ननलिकेतून वर येते आणि एक घोगरा, जाडाभरडा आवाज निघतो. काही महिन्यांनी झडपेतून पाणी झिरपू लागते, ठसका लागतो, मग ती बदलून घ्यावी लागते. हा आवाज माझा नाही, परंतु शब्द माझे आहेत, एवढ्यावर मी समाधान मानले.

वासाचे मात्र एका वाणी-उपचार करणाऱ्या तरुण मुलीने करून दाखवले. ओठ मिटलेले ठेवून जांभई द्यायची, म्हणजे जबडा आणि जीभ खाली न्यायची, जसे सभेत कंटाळा आलेला माणूस लोकलाजेस्तव तोंड न उघडता जांभई देतो तसे. तोंडातील पोकळी किंचित वाढते आणि नाकातून थोडीशी हवा आत ओढली जाते. दिवसातून अनेकदा हा सराव करायचा. मी सात आठवडे घरभर मिटल्या तोंडाने जांभया देत हिंडत होतो आणि काहीही होत नव्हते. आठव्या आठवड्यात एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत असताना तसाच जबडा खाली नेला आणि एकदम करपलेल्या दुधाचा वास आला. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. पत्नी पातेले घासण्याच्या चिंतेत होती आणि मी अंगठा दाबायचेही विसरून, नुसते ओठ हलवत, "येतोय, वास येतोय" असे म्हणत होतो. तिला ओठांवरून ते कळले. तिने ते पातेले दिवसभर घासले नाही, ओट्यावर तसेच ठेवले, आणि मी जाता-येता त्याच्यापाशी थांबत होतो.

शिकवणेही थोडे उरले आहे. इमारतीतील दोन मुले संध्याकाळी माझ्याकडे येतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून, जे १८९३ पासून चालू आहे आणि ज्याचा मी जवळजवळ चाळीस वर्षांचा सभासद आहे, मी पुस्तके आणतो आणि ती मुले मोठ्याने वाचतात. एकतीस वर्षे मी वाचले आणि मुलांनी ऐकले. आता उलट झाले आहे. उच्चार चुकला की मी टेबलावर एकदा टिचकी मारतो, स्वल्पविरामाला थांबले नाहीत तर दोनदा. बोलून सांगता येते, पण टिचकीने त्यांचा सूर तुटत नाही. आपण वर्गात किती अनावश्यक बोलत होतो, हे मला फार उशिरा लक्षात आले.

वडघर, पनवेल

हे ठिकाण नवी मुंबईत मोडते की पनवेलमध्ये, यावर आमच्या घरात वाद आहे, तरी लिहितो.

आम्ही आगरी. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावे उठली त्यांतील एक आमचे. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले, आणि जेथे आमचा खार होता, म्हणजे बांध घालून खाडीपासून सोडवलेली भातजमीन, तेथे आता धावपट्टी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. मोबदला, भूखंड, घरभाडे यांविषयी प्रत्येक घराची स्वतंत्र कहाणी आहे आणि ती सांगण्याची ही जागा नव्हे. मी फक्त गमावलेल्या आणि राहिलेल्या गोष्टींची नोंद करतो.

गमावले त्यात घर सर्वात कमी महत्त्वाचे होते, कारण घर तर नवे आणि मोठे बांधता आले. गेले ते पहिल्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे, आणि रात्री बत्ती घेऊन ते धरायला जाण्याची मजा. गेली ती बांधावरची उघाडी, जिथे भरती-ओहोटी पाहून पाणी आत घ्यायचे की बाहेर सोडायचे हे ठरे. आणि गेले ते शब्द. माझ्या मुलाला उघाडी म्हणजे काय हे चित्र काढून समजवावे लागले, आणि चित्र काढूनही त्याला ती गटाराची जाळी वाटली.

आमच्याकडे लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. मांडव, तेलवण, हळद, पाणी भरणे, प्रत्येक विधीला ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही. माझी आत्या धवलारीण आहे, वय चौऱ्याहत्तर. तिच्या धवल्यात नवरदेवाची वाट गावातून जाई: पाटलाच्या ओटीवरून, मोठ्या चिंचेखालून, विहिरीवरून, देवीच्या पायरीवर. स्थलांतरानंतर नव्या वसाहतीतले पहिले लग्न माझ्या चुलतभावाच्या मुलाचे होते. तेथे चिंच नाही, विहीर नाही, ओटी नाही. सरळ रस्ते आणि भूखंडांचे क्रमांक आहेत. आत्या आता काय गाणार, याची आम्हालाच धास्ती होती. तिने पहिल्या रात्री जुनीच वाट गायली, आणि म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला निघाल्यावर मात्र तिने धवला वळवला आणि विहिरीच्या जागी वसाहतीची पाण्याची टाकी आणली. मग टाकीवरून कोपऱ्यातले किराणा दुकान, तेथून एटीएम, आणि तेथून नव्या देवळाची पायरी. एटीएमला सगळ्या बायका हसल्या. तीही हसली, पण ओळ तिने सोडली नाही.

मी नंतर तिला विचारले, की हे मुद्दाम ठरवून केलेस का. ती म्हणाली, "पोराला जायचं जेथून, ती वाट गायची. चिंचंखालून धाडला आसता, तं वाट चुकला आसता." तेव्हापासून मी तिचे धवले मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो, जुन्या वाटेचे वेगळे आणि नव्या वाटेचे वेगळे. जुन्या वाटेवरून शेतांची नावे काढून चार म्हाताऱ्यांच्या मदतीने मी एक नकाशाही करत आहे. देवाचे शेत आणि मोठा खार यांच्यामधला बांध नेमका कुठे वळत होता, यावर त्यांची दोन महिने भांडणे चालू आहेत. मला ती मिटवण्याची घाई नाही.

नेरूळ

माझी आई माझ्याजवळ आहे, आणि तरीही मी तिला गमावले आहे. असे लिहिणे चालेल का, हे ठरवण्यात माझे आठ दिवस गेले.

तिला अल्झायमर्स आहे. या आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या बराच काळ टिकतात, त्यामुळे ती आता साधारण १९८५ च्या आसपास राहते. त्या काळात मी दहा-अकरा वर्षांची आहे, आणि म्हणून समोर बसलेली ही पन्नाशीची बाई तिची मुलगी असणे तिला शक्य वाटत नाही. ती मला "अहो" म्हणते, माहेर कुठले असे विचारते, आणि मी पाणी दिले की "राहू द्या हो, तुम्ही कशाला" असे म्हणते. हाताची कामे मात्र राहिली आहेत. मेथीची जुडी पुढे ठेवली तर ती पूर्वीइतकीच स्वच्छ निवडते, आणि मी निवडलेल्या काड्या काढून बाजूला ठेवते.

पहिले वर्ष मी तिला दुरुस्त करत राहिले. "आई, मीच ती" असे सांगितले की ती घाबरून जाई. मग मी ते सोडून दिले आणि पाहुणी झाले. पाहुणीपाशी ती मोकळेपणाने बोलते. एके दिवशी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "आमची मुलगी हट्टी आहे हो फार. पण मी तिला बोलते ना, ते ती गर्विष्ठ होऊ नये म्हणून. तिच्यासारखी हुशार आमच्या घरात कुणीच नाही. तिला नका सांगू मात्र."

आयुष्यभर आईने माझे एकदाही कौतुक केले नव्हते. मी सांगितले, की नाही सांगणार.

कोपरखैरणे

ताईंनी फोटो पाठवला, तो पाहिला. ती कुलपाची किल्ली नाही. लिफ्टच्या स्वयंचलित दाराला बाहेरून वरच्या बाजूला एक लहान भोक असते, त्यात त्रिकोणी खिळा असतो. त्यावर ही किल्ली बसवून फिरवली की दार हाताने उघडता येते. लिफ्ट मध्येच अडकली तर माणूस बाहेर काढण्यासाठी ती असते, मात्र ती फक्त शिकवलेल्या माणसानेच आणि वीज बंद करूनच वापरायची असते. आपले यजमान सोसायटीच्या समितीवर होते का?

चरई, ठाणे

होते. सहा वर्षे ते सचिव होते. मी आज दुपारी रखवालदाराला ती किल्ली दाखवली, तर त्याने कपाळावर हात मारला. चार वर्षे सोसायटी ती शोधत आहे, आणि लिफ्ट अडकली की दरवेळी कंपनीचा माणूस येईपर्यंत आतल्याला घाम पुसत उभे राहावे लागते. मागच्या गणपतीत त्यात मीही पाऊण तास उभी होते आणि किल्ली तेव्हा माझ्याच घरात, त्यांच्या सदऱ्यांमागे होती.

कोपरखैरण्याच्या दादांनी तिची नक्कल करून देण्याचे कबूल केले आहे. येत्या सात तारखेला मी वागळे इस्टेटच्या त्या टपरीवर येते. कळव्याचे काका, जमल्यास आपणही यावे. त्या बारा जणांत एखाद्याला तरी मोटारसायकल शिकवता येत असेल. मी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना विचारले आहे, की त्या संध्याकाळी टकटक थोडी उशिरा झाली तर चालेल का. ते म्हणाले, "दहापर्यंत जागा आहे मी."

सोसायटीला मूळ किल्ली द्यायची की नक्कल, हे अजून ठरवलेले नाही.